वाशिमच्या टीव्हीवरचा मारिओ : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

घरगुती व्हिडिओ गेमच्या इतिहासाच्या बहुतेक पुस्तकांत एक ठरलेली सनावळी असते. १९७२ साली अमेरिकेत मॅग्नाव्हॉक्स ओडिसी, १९७७ साली अटारी व्हीसीएस, १९८३ साली जपानात फॅमिकॉम, १९८५ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. या क्षेत्रात पाऊल ठेवणाऱ्याला ही सनावळी पाठ असायलाच हवी. पण वाशिम, कारंजा, रिसोड किंवा मंगरूळपीरच्या चाळिशीतल्या कुणालाही विचारा, की मारिओ तुमच्याकडे कधी आला? उत्तरात १९८५ येणार नाही. येईल ती एखादी उन्हाळ्याची सुट्टी, मामाकडचा रंगीत टीव्ही, आतेभावाने अकोल्याहून आणलेली कॅसेट. हिशोब लावला तर तो काळ नव्वदच्या दशकातला निघतो. तेव्हा वाशिम हा जिल्हाही नव्हता, अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. स्वतंत्र वाशिम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी.

तोक्योतली तारीख आणि वाशिममधली तारीख यांच्यात दहाएक वर्षांचं अंतर आहे. हे अंतर म्हणजे नुसती वाट पाहण्याचा काळ, असं आजवर धरलं गेलं. माझं म्हणणं वेगळं आहे. या दहा वर्षांत खेळाच्या नकला झाल्या, त्याची विद्युतजुळणी बदलली, कर्त्यांची नावं खोडली गेली, वेग उतरला, तो दुसऱ्याच यादीत दुसऱ्याच क्रमांकाने बसवला गेला. आपल्याकडे पोचला तो खेळ मूळ खेळाची एक वेगळी प्रत होता, आणि तिचा अभ्यास तिच्या स्वतःच्या गुणदोषांसह व्हायला हवा. या अभ्यासात येणाऱ्या नव्या वाचकाचं मनापासून स्वागत करत, हातात काय काय सामान असावं ते इथे मांडतो आहे.

आधी मूळ कथा थोडक्यात पाहू. राल्फ बेअर हा अमेरिकेतला अभियंता. घरातला टीव्ही नुसता पाहण्यासाठी का वापरायचा, त्याच्यावर खेळता का येऊ नये, असा विचार त्याने १९६६ साली कागदावर मांडला. त्यातून निघालेल्या ओडिसीला आवाज नव्हता, गुण मोजायची सोय नव्हती. गुण खेळणाऱ्यांनी आपले आपण लिहायचे. मैदान दिसावं म्हणून टीव्हीच्या काचेवर रंगीत प्लास्टिकचा कागद चिकटवायचा. ओडिसीच्याच वर्षी, १९७२ साली, अटारीचं ‘पाँग’ आलं आणि १९७५ साली त्याची घरगुती आवृत्ती निघाली. १९७६ साली फेअरचाइल्ड कंपनीचं चॅनल एफ आलं. जेरी लॉसन या कृष्णवर्णीय अभियंत्याच्या चमूने त्यात खेळ यंत्रापासून सोडवून कॅसेटमध्ये घातला. यंत्र एकदा घ्यायचं, खेळ बदलत राहायचे, ही आज सहज वाटणारी गोष्ट तिथून सुरू झाली. लॉसनचं नाव बरीच वर्षं मागे पडलं होतं. आपल्या विद्यार्थ्यांनी ते पहिल्या दिवशी शिकावं असं मला वाटतं.

अटारी व्हीसीएस या यंत्रात कामाची स्मृती होती १२८ बाइट, म्हणजे या परिच्छेदातली दोन वाक्यंही तिच्यात मावणार नाहीत. अख्खं चित्र साठवायला जागाच नव्हती, म्हणून प्रोग्रॅमरला टीव्हीच्या काचेवर किरण एकेक ओळ काढत असताना पुढच्या ओळीची तजवीज करावी लागे. निक माँटफर्ट आणि इयन बोगोस्ट यांचं २००९ चं अटारीवरचं पुस्तक याच अडचणीभोवती उभं आहे. यंत्राची मर्यादा आणि खेळाचं रूप एकत्र कसं वाचायचं, हे ज्याला शिकायचं असेल त्याने तिथून सुरुवात करावी. याच यंत्रासाठी वॉरन रॉबिनेटने ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा खेळ केला. अटारी खेळांवर कर्त्याचं नाव छापत नसे. रॉबिनेटने खेळात एक गुप्त खोली ठेवली आणि तिच्यात स्वतःचं नाव लिहून ठेवलं. नावाचं श्रेय मिळत नाही म्हणून वैतागलेले काही प्रोग्रॅमर बाहेर पडले आणि १९७९ साली त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली. तिच्या डेव्हिड क्रेनचा ‘पिटफॉल’ १९८२ चा. त्यात २५५ पडद्यांचं जंगल आहे आणि वेळ फक्त वीस मिनिटांचा. १९८३ साली अमेरिकी बाजार कोसळला. न विकलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो इथे पुरल्या गेल्या आणि २०१४ साली त्या उकरून काढण्यात आल्या. या सगळ्यावर इंग्रजीत भरपूर लिहिलेलं आहे, म्हणून मी तिथे रेंगाळत नाही.

आपली गोष्ट सुरू होते १५ जुलै १९८३ ला. त्या दिवशी निन्टेंडोने जपानात फॅमिकॉम विकायला काढला. मासायुकी उएमुरा यांच्या चमूने तो बनवला होता. कामाची स्मृती दोन किलोबाइट, चित्रासाठी आणखी दोन, पडद्यावर एका वेळी हलती चित्रं चौसष्ट आणि एका आडव्या ओळीत फार तर आठ. आठापेक्षा जास्त झाली की चित्रं लुकलुकायची. लहानपणी ‘कॉन्ट्रा’त गोळ्यांचा पाऊस सुरू झाला की माणसं अर्धवट गायब होत, त्याचं कारण हे. कॅसेट खराब नसे, यंत्राची शिस्तच तशी होती.

फॅमिकॉममध्ये एक दार उघडं राहिलं. १९८५ साली निन्टेंडोने अमेरिकेसाठी काढलेल्या यंत्रात कुलूप होतं. कंपनीची परवानगी नसलेली कॅसेट ओळखून ती चालू न देणारी एक चिप त्यात बसवलेली होती. जपानी फॅमिकॉममध्ये ती नव्हती. साठ पिनांची कॅसेट खाचेत बसली की झालं. तैवानमध्ये फॅमिकॉमच्या मुख्य चिपांच्या नकला झाल्या. तिथल्या आणि पुढे चीनच्या कारखान्यांतून तऱ्हेतऱ्हेच्या खोक्यांत तेच यंत्र जगभर गेलं. रशियात १९९२ च्या अखेरीस ते डेन्डी नावाने आलं, पोलंडमध्ये पेगासस नावाने. ज्या देशांत निन्टेंडोचं दुकान नव्हतं, तिथे निन्टेंडोचे खेळ या वाटेने पोचले. भारत या नकाशात आहे आणि वाशिमही आहे.

भारतात अधिकृत मार्ग अगदीच नव्हता असं नाही. निन्टेंडोचं यंत्र समुराई नावाने इथे विकलं गेलं, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सेगाची यंत्रं शॉ वॉलेस या कंपनीमार्फत आली. पण आयात कराच्या ओझ्याखाली परदेशी यंत्रांच्या किमती पगारदार घराला न झेपणाऱ्या होत्या, आणि कंपनीच्या दुकानांची धाव मोठ्या शहरांपुरती. १९९१ नंतर बाजार मोकळा होऊ लागला तसतशी स्वस्त नक्कल यंत्रं लहान गावांत उतरली. लिटल मास्टर, मीडिया, टर्मिनेटर अशी नावं त्या खोक्यांवर असत. घरात मात्र कुणी नाव घेत नसे. यंत्राला आणि खेळाला मिळून एकच शब्द होता, ‘व्हिडिओ गेम’. हातात धरायचा तो रिमोट, खाचेत घालायची ती कॅसेट. अभ्यासात हेच शब्द वापरावेत असा माझा आग्रह आहे. मुलाखतीत ‘कंट्रोलर’ म्हटलं की समोरचा अवघडतो आणि ‘रिमोट’ म्हटलं की बोलू लागतो.

आता कॅसेटकडे जवळून पाहू. पिवळी, काळी किंवा करडी अशी एक कॅसेट घ्या. मागचा स्क्रू काढला की दोन पाकळ्या सुटतात, आणि पहिल्यांदा उघडणाऱ्याला धक्का बसतो, कारण आत जवळजवळ काहीच नसतं. तळाशी हाताच्या दोन बोटांएवढी हिरवी पट्टी, तिच्या कडेला साठ सोनेरी दात, आणि मधोमध एक काळा, घट्ट झालेला, डांबरासारखा चकचकीत थेंब. त्या थेंबाखाली उघडी चिप असते. मूळ कंपन्या चिपला पाय असलेलं कवच देत आणि त्यावर क्रमांक छापत. नक्कल करणाऱ्यांनी पैसे वाचवायला कवच टाळलं आणि चिप थेट पट्टीवर चिकटवून वर इपॉक्सी ओतलं. त्यामुळे चिपवर ना क्रमांक, ना तारीख, ना कारखान्याचं नाव. बाहेरच्या चिठ्ठीवरचं चित्र अनेकदा आतल्या खेळांपैकी एकाचंही नसे. आपल्या अभ्यासाचं मूळ साधन असं निनावी आहे.

मग ते वाचायचं कसं? याचं उत्तर वाशिम जिल्ह्यातल्याच एका जुन्या विद्येत सापडतं, म्हणूनच मला या जिल्ह्यातून हे लिहावंसं वाटलं. कारंजा लाडच्या जैन मंदिरांतली हस्तलिखितांची भांडारं प्रसिद्ध आहेत. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, तिच्यात कारंजाच्या पोथ्या विद्वानांच्या नजरेला आल्या. पुढे कारंजाहून पुष्पदंत या कवीची अपभ्रंश काव्यं छापली गेली. ‘जसहरचरिउ’ १९३१ साली प. ल. वैद्यांनी संपादलं, ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली हिरालाल जैन यांनी. या संपादकांपुढे कवीच्या हातची पोथी नव्हती. होत्या त्या नकलांच्या नकला, वेगवेगळ्या लेखकांनी वेगवेगळ्या काळी उतरवलेल्या, कुठे ओळ गळलेली, कुठे शब्द बदललेला. त्यांनी प्रती शेजारी शेजारी ठेवल्या, चुका जुळवल्या, समान चूक असलेल्या प्रती एका घराण्याच्या ठरवल्या आणि त्यातून मूळ पाठाकडे वाट काढली. आपल्याला कॅसेटींच्या बाबतीत नेमकं हेच करायचं आहे.

उदाहरण घेऊ. १९८५ साली नामको कंपनीने ‘बॅटल सिटी’ काढला. विटांच्या भिंती, मधे गरुडाचं चिन्ह, ते राखायचं आणि शत्रूचे रणगाडे उडवायचे, एकूण पस्तीस टप्पे. आपल्याकडे हा नुसता ‘टँक’ म्हणून ओळखला जाई. आपल्या कॅसेटींत बहुतेकदा दोन पाठ सापडतात. एकात मूळ नकाशे, दुसऱ्यात बदललेले नकाशे आणि शीर्षक ‘टँक १९९०’. हा दुसरा पाठ नामकोचा नाही, नक्कल करणाऱ्या कुणीतरी मूळ खेळ उघडून त्यात केलेला फेरफार आहे. आपल्या गावातल्या किती जणांनी मूळ पाठ खेळला आणि किती जणांनी फेरफार केलेला, हे कॅसेट मिळवून पडद्यावर लावल्याखेरीज कळणार नाही. कारण आठवणीत दोन्ही एकच आहेत.

आणखी एक नमुना म्हणजे अनेक खेळांची कॅसेट. चिठ्ठीवर ९९९९९९९ खेळ लिहिलेले. चालू केली की खेळांची लांबलचक यादी, पानामागून पान. त्या यादीत वेगळे खेळ मोजकेच, कधी चार-पाच, कधी वीस-पंचवीस. तेच पुन्हा पुन्हा येतात, पण दर वेळी किंचित बदललेले. तिसऱ्या टप्प्यापासून सुरू होणारा ‘रोड फायटर’, जास्त जीव असलेला ‘कॉन्ट्रा’, सुरुवातीलाच मोठी बंदूक हातात असलेला ‘कॉन्ट्रा’. याला फसवणूक म्हणून सोडून देणं सोपं आहे आणि गिऱ्हाइकाच्या बाजूने ते खरंही आहे. पण ही यादी बनवणाऱ्याला मूळ प्रोग्रॅम आतून ठाऊक होता. जीव किती हे कोणत्या पत्त्यावर लिहिलं आहे, टप्पा कुठे ठरतो, हे त्याने शोधलं आणि यादीतल्या प्रत्येक ओळीला वेगळा आकडा दिला. अशा याद्या ओळीओळीने उतरवून शेजारी ठेवल्या तर कोणती कॅसेट कोणत्या कारखान्याच्या वंशातली हे ओळखता येतं. क्रम, स्पेलिंगच्या चुका, मागचं चित्र, यादी चालू असताना वाजणारं संगीत या चार गोष्टी नोंदवायच्या. स्पेलिंगची चूक कधीही दुरुस्त करून लिहू नका. पोथीच्या संपादकाला जसा अपपाठ मोलाचा, तशीच आपल्याला ही चूक.

एका गोष्टीबद्दल मला नेहमी वाईट वाटतं. रॉबिनेटला नाव लपवावं लागलं ही गोष्ट जगभर सांगितली जाते. आपल्या कॅसेटींत पुष्कळदा कंपनीचं नाव आणि वर्षही शीर्षकाच्या पडद्यावरून पुसलेलं असे. ‘सर्कस चार्ली’ कोनामीचा, ‘गॅलॅक्सियन’ नामकोचा, ‘अ‍ॅडव्हेंचर आयलंड’ हडसनचा, हे आपण तीस वर्षांनी शोधून काढलं. ‘सुपर मारिओ’चं संगीत कोजी कोन्दो यांचं, हे ते संगीत आयुष्यभर गुणगुणणाऱ्या माणसांना ठाऊक नसतं. ‘टेट्रिस’ १९८४ साली मॉस्कोतल्या विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी केला, हेही नाही. कर्त्याचं नाव परत त्याच्या कृतीवर लिहिणं हे या क्षेत्रातलं पहिलं कर्तव्य आहे. कायद्याच्या दृष्टीनेही हे स्पष्ट ठेवू या. भारतीय कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृतीचा दर्जा मिळाला होता, तेव्हा या नकला इथेही बेकायदाच होत्या. मूळ कंपन्यांचं नुकसान झालं आणि कर्त्यांवर अन्याय झाला. त्याच नकलांमुळे रिसोडच्या पोराला मारिओ घडवणाऱ्या मियामोतोचं काम पाहायला मिळालं. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि अभ्यासकाने दोन्ही एकाच पानावर लिहावीत.

शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १३ सप्टेंबर १९८५ ला जपानात आला. संपूर्ण खेळ, आठ जगं, बत्तीस टप्पे, संगीत, चित्रं, सगळं मिळून चाळीस किलोबाइट. आज मोबाइलवर येणारा सुप्रभातचा एक फोटो याहून जड असतो. एवढ्या जागेत हे कसं बसवलं याचं एक उदाहरण डोळ्यांनी तपासता येतं. पहिल्या टप्प्यातला ढग पाहा आणि जमिनीवरचं झुडूप पाहा. दोन्हींचा आकार तोच आहे. चित्र एकच, रंगसंच बदलला, एकदा पांढरा आणि एकदा हिरवा. टप्पेही चौकटीचौकटीने साठवलेले नाहीत. इथे नळी, इथे विटांची रांग, इतकी लांब, अशा सूचना साठवल्या आहेत आणि यंत्र त्या वाचत वाचत पुढचा रस्ता मांडत जातं. मी हे पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा या खेळाबद्दलचा माझा आदर दुप्पट झाला. विद्यार्थ्यांना हे शिकवताना टीव्ही चालू ठेवून ढगावर बोट ठेवावं. त्याहून चांगला पहिला धडा मला माहीत नाही.

यंत्राबरोबर येणारी बंदूक हा दुसरा धडा. ‘डक हंट’ १९८४ चा. बदक उडतं, आपण घोडा दाबतो, बदक पडतं. बंदुकीतून टीव्हीकडे काही जात असेल असं आम्हा सगळ्यांना वाटे. प्रत्यक्षात उलट आहे, बंदूक फक्त पाहते. घोडा दाबल्याबरोबर सगळा पडदा एका क्षणासाठी काळा होतो, लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतल्या प्रकाशसंवेदकाला आधी अंधार आणि मग उजेड दिसला, की नेम बरोबर. दोन बदकं असतील तर दोन चौकोन एकामागून एक दाखवले जातात, म्हणजे उजेड कोणत्या क्षणी दिसला त्यावरून कोणतं बदक ते ठरतं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत घडतं. जुन्या काचेच्या टीव्हीवर चित्र तत्काळ उमटायचं म्हणून हे जमे. आजच्या सपाट टीव्हीवर ते किंचित उशिरा उमटतं आणि बंदूक आंधळी होते. म्हणून संग्रह करणाऱ्याने फक्त यंत्र आणि कॅसेट जपून भागत नाही, एक काचेचा टीव्हीही जपावा लागतो. भंगारात निघालेला असा टीव्ही दिसला तर तो अवश्य घ्या. एका बदकाच्या खेळात पहिल्या खाचेतल्या रिमोटने बदकाला हवं तिकडे वळवताही येतं. मूळ पुस्तिकेत हे लिहिलेलं होतं. आपल्याकडे पुस्तिका आलीच नाही, म्हणून दुसऱ्या भावंडाने नुसतं बघत बसायचं, असा नियम घराघरांत झाला.

पुस्तिका नसणं ही आपल्या प्रतीची मोठी खूण आहे. ज्ञान तोंडी फिरलं. ‘कॉन्ट्रा’त वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, मग बी आणि ए दाबलं की तीस जीव मिळतात, ही क्लृप्ती काझुहिसा हाशिमोतो यांनी मुळात १९८६ च्या ‘ग्रॅडियस’साठी ठेवली होती, कारण तपासणीसाठी खेळताना तो त्यांना स्वतःलाच जड जात होता. मासिकं नाहीत, इंटरनेट नाही, तरी ती दहा बटणांची साखळी आपल्या गल्लीपर्यंत आली. ती कोणाकडून कोणाकडे गेली, वाटेत तिच्यात काय बदल झाला, कोणत्या गावात ती चुकीची पाठ झाली, हा लोकसाहित्याच्या अभ्यासकाने हाती घ्यावा असा विषय आहे.

वेगाचा मुद्दा फार थोड्यांनी लक्षात घेतला आहे. जपान आणि अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला साठ चित्रांच्या पद्धतीवर चाले, आपला पाल पद्धतीचा टीव्ही पन्नासवर. खेळाचं काळीज या चित्रांच्या ठोक्यावर चालतं. पाल टीव्हीसाठी बनवलेल्या नक्कल यंत्रात साठ ठोक्यांसाठी लिहिलेला खेळ पन्नास ठोक्यांवर चाले, म्हणजे एक षष्ठांश हळू. मुख्य चिपचा वेग मात्र जवळपास मूळ यंत्राइतकाच ठेवलेला असल्यामुळे संगीताची पट्टी फारशी उतरत नसे, फक्त लय संथ होई. त्या यंत्रावरचं मारिओचं गाणं मूळ स्वरांत पण विलंबित वाजलं, असं म्हणता येईल. आज यूट्यूबवर मूळ वेगातला मारिओ ऐकून ‘हे घाईत वाजतंय’ असं वाटणाऱ्या माणसाचा कान बिघडलेला नाही. त्याने दुसरी प्रत ऐकलेली आहे आणि त्याची साक्ष नोंदवून ठेवण्याजोगी आहे. स्मृतीच्या अशा बारीक साक्षीवरून त्या घरात कोणत्या जातीचं यंत्र होतं याचा अंदाजही बांधता येतो.

वीज हा आपल्या प्रतीचा आणखी एक सहलेखक. या कॅसेटींत प्रगती साठवून ठेवायची सोय नसे. तशी बॅटरीची कॅसेट आपल्याकडे क्वचितच आली. लाइन गेली की सातव्या जगातला मारिओ पुन्हा पहिल्या जगात. भारनियमनाचं वेळापत्रक आणि खेळाची लांबी यांचा संबंध विदर्भात होता तसा तोक्योत नव्हता. ज्यांनी हे खेळ शेवटपर्यंत नेले त्यांनी ते एका बैठकीत नेले आणि दोन भारनियमनांच्या मधल्या वेळात नेले. कोणते खेळ आपल्याकडे लोकप्रिय झाले आणि कोणते मागे पडले, याचं एक कारण इथे शोधावं असं मला सुचवायचं आहे. पाच मिनिटांत रंगणारा ‘सर्कस चार्ली’ किंवा ‘रोड फायटर’ आणि दोघांनी मिळून खेळायचा ‘टँक’ यांना या हवामानात जगणं सोपं होतं.

कॅसेट चालली नाही की ती काढून सोनेरी दातांवर फुंकायची, हा विधी तर जगभर होता. फुंकरीने फारसं काही होत नसे. काढून पुन्हा बसवल्याने दातांचा स्पर्श नीट लागे आणि श्रेय फुंकरीला मिळे. तोंडातली वाफ धातूला उलट गंजवते. आज जुनी कॅसेट हाती आली तर फुंकू नका. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दात हलक्या हाताने पुसा, वाळू द्या, मग यंत्रात घाला. त्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, चिठ्ठी ओलसर होऊ देऊ नका, आणि शक्य असेल तर कॅसेट वाचणाऱ्या उपकरणाने आतला मजकूर संगणकावर उतरवून घ्या. त्या काळ्या थेंबाखालची चिप एक दिवस मुकी होणार आहे.

या कामाला मराठीत पूर्वपरंपरा नाही असं कुणी म्हटलं तर ते मानू नका. बडोद्याहून निघालेल्या व्यायाम ज्ञानकोशात संपादक मुजुमदारांनी देशी खेळांना शास्त्रीय नोंदींचा मान दिला, तोही ते खेळ अंगणात चालू असताना. घरात बसून खेळायच्या खेळांना तो मान मिळायला उशीर झाला इतकंच. इंग्रजीत नेथन आल्टिस यांचं २०१५ चं फॅमिकॉमवरचं पुस्तक यंत्राच्या अंतरंगासाठी अपरिहार्य आहे. सौविक मुखर्जी यांचं २०२२ चं भारतीय उपखंडातल्या व्हिडिओ गेमवरचं पुस्तक आपल्या शेजारची वाट दाखवतं. या दोन्हींमध्ये जी जागा मोकळी आहे ती तालुक्याच्या गावाची. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली दाखवून दिलं, की तिथे निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात मिळत नव्हते. ही गत अधिकृत खेळांची. मग ज्यांना मुळात कुणी मालकच नव्हता त्या आपल्या प्रतींकडे कोण पाहणार? जो पाहील तो आपणच.

कामाची सुरुवात घरातून करता येते. माळ्यावरचं खोकं उतरवा. यंत्राच्या पाठीवर काय छापलं आहे ते जसंच्या तसं लिहून घ्या. मग माणसांकडे जा, आणि फक्त खेळलेल्या मुलग्यांकडे जाऊ नका. आमच्याकडे बायका-मुलींच्या वाट्याला रिमोट कमी येई, पण टीव्हीवरची मालिका बंद करून खेळ लावू द्यायचा की नाही हे घरातली आई ठरवी. तासाच्या हिशोबाने खेळ लावून देणाऱ्या दुकानदाराने हिशोबाची वही ठेवली असेल. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकने किती रिमोटांच्या तुटलेल्या तारा जोडल्या, पडद्यावर खेळ दिसावा म्हणून चॅनल कसा जुळवला, अँटेनाची तार काढून यंत्राची तार कशी लावली, हे त्याच्या हातांना अजून आठवतं. ज्या घरात टीव्ही नव्हता त्या घरातल्या पोट्ट्यांनी खिडकीतून काय पाहिलं तेही विचारा, कारण वाडी-वस्तीचा आणि जातीचा उंबरठा या खेळालाही होता. प्रश्न विचारताना सन विचारू नका. लग्न, निवडणूक, दहावीची परीक्षा, अकोला-पूर्णा मार्गावर अजून छोटी गाडी धावत होती का, अशा खुणा विचारा. ती मीटरगेज लाइन २००८ मध्ये ब्रॉडगेज झाली, तेव्हा हा प्रश्न आठवणीला निदान एक कड देतो. जमलेली प्रत्येक नोंद दोन प्रतींत ठेवा, एक स्वतःकडे आणि दुसरी गावातल्या वाचनालयात.